करार पवित्र कोणासाठी?

१ ऑगस्ट २०२५ रोजी अमेरिकेतील डॅलस काउबॉइज या फुटबॉल संघाच्या मायका पार्सन्स या खेळाडूने आपल्याला दुसऱ्या संघाकडे जाऊ द्यावे, अशी जाहीर मागणी केली. त्याच्या कराराचे एक वर्ष अजून शिल्लक होते आणि त्या वर्षाचे सुमारे २ कोटी ४० लाख डॉलर वेतन ठरलेले होते. संघाचे मालक जेरी जोन्स यांचे म्हणणे असे की, मार्च महिन्यात आपले व पार्सन्सचे समोरासमोर बोलणे झालेले आहे, तेव्हा त्याच्या प्रतिनिधीशी बोलण्याचे कारण नाही. पार्सन्सचे म्हणणे असे की, सौदा करण्याचे काम प्रतिनिधीचे आहे आणि त्याच्याशी बोलायलाच मालक तयार नाहीत. हा झगडा आणखी चार आठवडे चालला. २८ ऑगस्टला जोन्स यांनी पार्सन्सला ग्रीन बे पॅकर्स या संघाच्या हवाली केले आणि त्या संघाने त्याच्याशी चार वर्षांचा, १८ कोटी ८० लाख डॉलरचा नवा करार केला.

असे प्रसंग अमेरिकेत जवळजवळ दर वर्षी, हंगामाच्या तोंडावर घडतात आणि दर वर्षी तोच युक्तिवाद ऐकू येतो. करार म्हणजे शब्द. सही केली तेव्हा खेळाडू सज्ञान होता. मुदत संपण्यापूर्वी अधिक पैसे मागणे म्हणजे दिलेला शब्द मोडणे. हा युक्तिवाद करणारे सगळेच मालकांचे भाट असतात असे नाही. पदरमोड करून तिकीट काढणारा, दिवसभर गोदामात राबणारा सामान्य प्रेक्षकही हेच बोलतो, कारण त्याला स्वत:ला कोणी मुदतीपूर्वी वाढ दिलेली नसते. म्हणूनच या युक्तिवादाला शिव्याशाप देऊन भागत नाही. तो तपासावा लागतो.

समाजवादी कार्यकर्त्याच्या मनात पहिली शंका वेगळीच येईल. ज्यांना वर्षाला कोट्यवधी डॉलर मिळतात त्यांच्या गाऱ्हाण्याशी कष्टकऱ्यांच्या पक्षाला काय कर्तव्य? शंका रास्त आहे. परंतु श्रमाचा प्रश्न केवळ वेतनाच्या आकड्याने ठरत नाही. श्रम विकणारा आणि ते विकत घेणारा यांच्यातील संबंधाने तो ठरतो. शिवाय या धंद्यात मालक-कामगार संबंधाच्या साऱ्या अटी छापील स्वरूपात जगासमोर आहेत. खेळाडूचे वेतन, दंड, हकालपट्टी, यांतले काहीही झाकलेले नाही. कारखान्याच्या कचेरीत बंद दाराआड जे घडते ते येथे भर मैदानात दिसते. करार नावाची वस्तू प्रत्यक्षात कशी चालते हे पाहण्यासाठी याहून चांगले उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

सहीच्या आधीच ठरलेला सौदा

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपल्या मैदानांवरचा पायांनी खेळायचा खेळ नव्हे. लंबगोल चेंडू हाती घेऊन, डोक्यावर शिरस्त्राण व खांद्यांवर कवच चढवून, एकमेकांच्या अंगावर धडका देत पुढे सरकण्याचा तो खेळ आहे. त्याचा व्यावसायिक कारभार नॅशनल फुटबॉल लीग या संस्थेकडे आहे आणि तिच्यात ३२ संघ आहेत. हे संघ मैदानावर एकमेकांचे प्रतिस्पर्धी असले तरी श्रमाच्या बाजारात ते एकाच पेढीच्या ३२ शाखांसारखे वागतात.

महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या तरुणाला आपण कोणाकडे नोकरी करणार हे ठरवण्याचा अधिकार नसतो. दर वर्षी 'ड्राफ्ट' नावाचा विधी होतो. त्यात सात फेऱ्यांमध्ये संघ आळीपाळीने खेळाडू निवडतात. ज्याने निवडले त्याच्याकडे जायचे, नाहीतर घरी बसायचे. २०११ सालच्या सामूहिक करारापासून निवडीच्या क्रमांकानुसार वेतनाची श्रेणीही बांधून टाकलेली आहे. हा पहिला करार चार वर्षांचा असतो. पहिल्या फेरीत निवडलेल्याला पाचव्या वर्षीही अडकवून ठेवण्याचा पर्याय मालकाला असतो, खेळाडूला नसतो. तीन हंगाम पुरे होईपर्यंत वेतनात बदल करण्याची बोलणीच करता येत नाहीत. मालकाने करायची म्हटली तरी नियम आडवा येतो. हे सारे संपल्यावरही 'फ्रँचाइझ टॅग' नावाची एक तरतूद उरते. तिच्या आधारे संघ आपल्या निवडक खेळाडूला मुदत संपल्यानंतरही आणखी एका वर्षासाठी डांबून ठेवू शकतो.

ज्या बाजारात विकणारे पुष्कळ आणि विकत घेणारा एकच असतो, त्या बाजाराचे विवेचन जोन रॉबिन्सन या केंब्रिजच्या विदुषीने १९३३ साली केले. श्रमिकाच्या सीमान्त उत्पादनाचे जे मूल्य, त्याहून कमी वेतन त्याला मिळणे म्हणजे शोषण, ही व्याख्या त्यांनी वापरली. या व्याख्येत वेतन लहान की मोठे याचा उल्लेख नाही हे ध्यानात घेण्याजोगे आहे. हाच निकष सॅन फ्रान्सिस्कोच्या ब्रॉक पर्डीला लावून पाहावा. २०२२ च्या ड्राफ्टमध्ये तो सर्वांत शेवटी, २६२ व्या क्रमांकावर निवडला गेला. वर्ष-दीड वर्षात तो संघाचा सूत्रधार बनला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याने संघाला सुपर बोल या अंतिम सामन्यापर्यंत नेले. त्या हंगामाचे त्याचे मूळ वेतन होते ८ लाख ७० हजार डॉलर. तीन हंगाम उलटल्यावर, मे २०२५ मध्ये, त्याच संघाने त्याच्याशी पाच वर्षांचा २६ कोटी ५० लाख डॉलरचा करार केला, म्हणजे वर्षाला ५ कोटी ३० लाख. माणूस तोच, खेळ तोच, संघही तोच. मधल्या काळातील फरक कोणाच्या खिशात गेला हे सांगायला अर्थशास्त्र शिकावे लागत नाही.

तात्पर्य, ज्या सहीचा एवढा गौरव केला जातो ती सही करताना खेळाडूला मालक निवडता येत नव्हता, वेतन ठरवता येत नव्हते आणि मुदतही ठरवता येत नव्हती. अशा सहीला संमती म्हणायचे असेल तर खुशाल म्हणावे. पण तिला स्वेच्छेचा शब्द म्हणता येणार नाही.

बांधलेला कोण, मोकळा कोण

तरीही वादापुरते धरून चालू की, सही ती सही आणि ती पाळलीच पाहिजे. मग पुढचा प्रश्न असा की, ती पाळण्याचे बंधन दोन्ही बाजूंना आहे काय?

लीगच्या छापील करारपत्रातील अकरावे कलम खेळाडूच्या कौशल्यासंबंधी आहे. संघाच्या मते दुसऱ्या खेळाडूंच्या तुलनेत त्याचे कौशल्य किंवा कामगिरी असमाधानकारक ठरली, तर संघ करार संपुष्टात आणू शकतो. त्यातील 'संघाच्या मते' हे शब्द महत्त्वाचे आहेत. ऑगस्टच्या अखेरीस प्रत्येक संघाला आपल्या ९० खेळाडूंची संख्या ५३ वर आणावी लागते. ३२ संघांतून मिळून सुमारे १२०० तरुणांचे करार तेव्हा दोन-तीन दिवसांत निकालात निघतात. त्यांतल्या काहींना सरावाच्या तुकडीत कमी वेतनावर पुन्हा घेतले जाते, बाकीचे घरी जातात. या १२०० करारांच्या पावित्र्याबद्दल कोणी अग्रलेख लिहीत नाही. तो धंद्याचा भाग मानला जातो. एकट्या पार्सन्सने करार उघडायची मागणी केली की मात्र नीतीचा प्रश्न उभा राहतो.

पार्सन्सच्याच संघातील आणखी एक उदाहरण बोलके आहे. २०१९ साली इझिकिएल एलियट या खेळाडूने कराराची दोन वर्षे शिल्लक असताना सराव शिबिराकडे पाठ फिरवली. त्याच्यावरही शब्द मोडल्याचा आरोप झाला. हंगामाच्या तोंडावर मालक नमले आणि सहा वर्षांची, ९ कोटी डॉलरची वाढ त्याच्या करारात झाली. वृत्तपत्रांनी ९ कोटींचा आकडा ठळक टाइपात छापला. त्यांपैकी खात्रीची रक्कम ५ कोटी होती हे बारीक टाइपात राहिले. कागदावर करार २०२६ सालापर्यंत होता. मार्च २०२३ मध्ये संघाने एलियटला काढून टाकले. चार हंगाम शिल्लक असताना मालकांनी करार मोडला आणि त्यात कोणालाही शब्दभंग दिसला नाही. खेळाडूने मुदतीपूर्वी अधिक मागितले तर तो लोभ, आणि मालकाने मुदतीपूर्वी देणे थांबवले तर तो व्यवहार!

डमार हॅमलिनची हकीकत याहून गंभीर आहे. २ जानेवारी २०२३ च्या रात्री बफलो बिल्स संघाच्या या तरुणाचे हृदय मैदानावर बंद पडले आणि सारा देश दूरचित्रवाणीसमोर श्वास रोखून बसला. तो वाचला, पुढे खेळूही लागला. परंतु त्याच्या करारात अशी अट होती की, जायबंदी खेळाडूंच्या यादीत नाव गेल्यास वेतन कमी होईल. बोभाटा झाल्यावर संघाने पूर्ण वेतन देण्याचे ठरवले. ते चांगलेच झाले. पण जे मिळाले ते मेहेरबानी म्हणून मिळाले, हक्क म्हणून नव्हे. ज्यांचे हृदय कोट्यवधी प्रेक्षकांसमोर बंद पडत नाही, नुसता गुडघा किंवा खांदा सरावाच्या मैदानावर निखळतो, त्यांच्या वाट्याला ही मेहेरबानी येत नाही.

देहाचा घसारा

आता मुदतीच्या प्रश्नाकडे वळावे. मुदत संपेपर्यंत थांबायला काय हरकत आहे, असे शांतपणे विचारले जाते. हरकत अशी की, या धंद्यात श्रमिकाचे भांडवल म्हणजे त्याचा देह आणि तो मुदतीपेक्षा लवकर संपतो. खेळाडूंच्या संघटनेच्या हिशेबाने सरासरी कारकीर्द ३.३ वर्षांची असते आणि पहिला करार चार वर्षांचा! म्हणजे सर्वसाधारण खेळाडूला मोकळ्या बाजारात उभे राहण्याची वेळच येत नाही. चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूंची स्थिती सर्वांत वाईट आहे. त्यांचा उमेदीचा काळ नेमका श्रेणीबद्ध वेतनाच्या वर्षांत खर्ची पडतो. ती संपल्यावर त्यांना सांगितले जाते की, तुझ्या पायांतले बळ आता ओसरले आहे, जुन्या पराक्रमाचे पैसे कोण देणार?

सिएटल संघाच्या अर्ल थॉमसने २०१८ साली कराराचे अखेरचे वर्ष उरले असताना नवा करार मागितला. तो मिळाला नाही. शिबिरभर बाहेर राहून तो हंगामाच्या सुरुवातीला परतला आणि ३० सप्टेंबरला, चौथ्याच सामन्यात, त्याचा पाय मोडला. मैदानाबाहेर नेले जात असताना त्याने हाताने जी खूण केली ती प्रतिपक्षाला उद्देशून नव्हती, स्वत:च्याच संघाच्या बाकड्याकडे होती. ती अशिष्ट होती हे खरे. पण तिच्यातला अर्थ कोणालाही कळण्याजोगा होता. थॉमसला पुढल्या वर्षी दुसऱ्या संघाने करार दिला, कारण त्याचे नाव मोठे होते. ज्यांचे नाव मोठे नसते त्यांच्या मोडलेल्या पायाबरोबर करारही मोडतो.

आणि नुसत्या हातापायांचीच गोष्ट नाही. बॉस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली या लीगमधील १११ दिवंगत खेळाडूंच्या मेंदूंची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी ११० मेंदूंत वारंवारच्या आघातांनी जडणाऱ्या विकाराच्या खुणा आढळल्या. तपासणीसाठी आलेले मेंदू बहुधा आजाराची शंका असलेल्यांचेच होते, त्यामुळे हे प्रमाण सर्वांना लावता येत नाही. तरीही या श्रमाची किंमत कशाने मोजली जाते हे त्यावरून दिसते. येथे अमेरिकन करकायद्यातील एक विसंगतीही नोंदवण्यासारखी आहे. २००४ च्या दुरुस्तीपासून संघ विकत घेणाऱ्या मालकाला खरेदीच्या जवळजवळ संपूर्ण किमतीचा, खेळाडूंच्या करारांच्या मूल्यासह, १५ वर्षे घसारा दाखवून करात वजावट घेता येते. देह झिजतो खेळाडूचा आणि घसाऱ्याची सवलत मिळते मालकाला.

एकट्याच्या संपाला दंड

खेळाडूजवळ उपाय एकच उरतो, तो म्हणजे काम थांबवणे. मात्र तो उपायही महाग करून ठेवलेला आहे. २०२० च्या सामूहिक करारानुसार, पहिला करार संपवून पुढचा करार केलेला खेळाडू शिबिराला गैरहजर राहिला तर त्याला दररोज ५० हजार डॉलर दंड होतो. पूर्वी समेट झाल्यावर मालक हा दंड माफ करीत असत. आता त्यांना तशी मुभा नाही. मालकांना आपल्यातील एखादा दयाळू निघेल याची भीती वाटावी आणि त्यांनी त्याचेच हात नियमाने बांधून घ्यावेत, यावरून त्यांची वर्गीय एकजूट किती पक्की आहे हे कळते. गैरहजर राहणाऱ्याची सेवाज्येष्ठताही बुडते. म्हणून अलीकडे नवी रीत निघाली आहे. खेळाडू शिबिरात हजर होतो, सही करतो आणि पाठ धरली आहे असे सांगून बाजूला उभा राहतो. पार्सन्सने हेच केले. जेथे संपाला बंदी असते तेथे कर्मचारी सामूहिक रजेवर जातात; त्याचाच हा एकट्याने केलेला प्रकार आहे.

एकट्याचा संप फसतोही. २०१९ साली, एलियट जिंकला त्याच वर्षी, लॉस एंजेलिसच्या मेल्विन गॉर्डनने कराराचे शेवटचे वर्ष उरले असताना काम थांबवले. काही सामन्यांचे वेतन बुडवून तो जुन्याच करारावर मुकाट्याने परतला आणि पुढच्या वर्षी त्याला दुसरा संघ शोधावा लागला.

मालकांची बाजू अशी मांडली जाते की, जोखीम त्यांची आहे. ही जोखीम किती हे बहुतेक संघांच्या बाबतीत कळत नाही, कारण ते खासगी मालकीचे असून त्यांचे हिशेब बंद असतात. ग्रीन बे पॅकर्स हा एकच संघ याला अपवाद आहे. १९२३ पासून तो नागरिकांच्या भागीदारीतील, नफा न वाटणारी संस्था आहे. कोणी एक धनिक त्याचा मालक नाही आणि त्याचा ताळेबंद दर वर्षी प्रसिद्ध होतो. सार्वजनिक मालकीचा संघ शतकभर टिकतो, अनेकदा अजिंक्य ठरतो, हे भांडवलशाहीच्या माहेरघरी घडावे हा योगायोग मनोरंजक आहे. या संघाच्या मार्च २०२५ अखेरच्या ताळेबंदानुसार लीगच्या सामाईक उत्पन्नातून, मुख्यत: दूरचित्रवाणीच्या हक्कांतून, त्याच्या वाट्याला ४३ कोटी २६ लाख डॉलर आले. हे सामाईक उत्पन्न सर्व संघांत सारखे वाटले जाते. त्याच हंगामात प्रत्येक संघाच्या वेतनखर्चाची मर्यादा होती २५ कोटी ५४ लाख आणि निवृत्तिवेतनादी लाभांसाठी आणखी ७ कोटी ४० लाख. म्हणजे एकही तिकीट विकले जाण्यापूर्वी खेळाडूंचा सारा खर्च भागून सुमारे १० कोटी डॉलर शिल्लक उरतात. जेरी जोन्स यांनी १९८९ साली काउबॉइज संघ सुमारे १४ कोटी डॉलरना घेतला. 'फोर्ब्ज' मासिकाने २०२५ मध्ये त्याचे मूल्य १३०० कोटी डॉलर ठरवले. अशी जोखीम पत्करायला कोण तयार होणार नाही?

वाढणारे पान एक, ताट तेच

येथवरच्या विवेचनावरून खेळाडूची बाजू न्याय्य ठरते. जो करार एका पक्षाला केव्हाही मोडता येतो तो दुसऱ्या पक्षाने मुदतीपूर्वी उघडायला सांगितला, तर त्यात शब्दभंग नाही. मालकाजवळ असलेला अधिकारच तो मागत असतो. परंतु समाजवादी विचाराला एवढ्यावर थांबता येत नाही. पार्सन्स जिंकला म्हणजे श्रमिक जिंकले काय, हा पुढचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर कडू आहे.

२०२५ साली प्रत्येक संघाच्या वेतनाची कमाल मर्यादा २७ कोटी ९२ लाख डॉलर होती. ही मर्यादा लीगच्या एकूण उत्पन्नातील खेळाडूंच्या ठरीव वाट्यावरून काढली जाते आणि तो वाटा ४८ टक्क्यांच्या आसपास आहे. पार्सन्सचे वार्षिक वेतन सरासरीने ४ कोटी ७० लाख, म्हणजे या मर्यादेच्या सुमारे एक-षष्ठांश. हिशेबाच्या क्लृप्त्यांनी हा भार पुढील वर्षांवर ढकलता येतो, टाळता येत नाही. उरलेल्या ५२ जणांनी बाकीच्यात भागवायचे. मालकांचे ५२ टक्के जेथल्या तेथे राहतात. अव्वल खेळाडूला वाढ मिळते ती बहुतांशी मालकाच्या ताटातून नव्हे, सहकाऱ्यांच्या ताटातून. वर निवडक तारे, खाली श्रेणीबद्ध वेतनावरचे स्वस्त नवशिके, आणि मधला सात-आठ वर्षे खेळलेला अनुभवी गडी महाग म्हणून घरी, अशी या व्यवस्थेची रचना झाली आहे.

म्हणून दोन प्रश्न वेगळे ठेवले पाहिजेत. पहिला वाट्याचा: एकूण उत्पन्नातून श्रमिकांना किती मिळावे? दुसरा जोखमीचा: देह मोडला, कामगिरी खालावली, तर तोटा कोणी सोसावा? एकट्याने करार उघडून घेतला तर यांतला एकही प्रश्न सुटत नाही. पहिल्याला तो स्पर्शही करीत नाही आणि दुसरा फक्त स्वत:पुरता सोडवतो. दोन्ही प्रश्न सामूहिक सौद्याचे आहेत आणि सामूहिक सौद्याची ताकद संघटनेच्या ताकदीइतकीच असते.

संघटनेची ताकद कोठे गेली

या खेळाडूंच्या संघटनेचा इतिहास लढ्याचा आहे. १९५६ साली ती स्थापन झाली, १९७४ साली तिने संप केला. १९८२ साली एड गार्व्ही यांच्या नेतृत्वाखाली तिने एकूण उत्पन्नाचा ५५ टक्के वाटा मागितला आणि त्यासाठी ५७ दिवस संप चालवला. मागणी मान्य झाली नाही, पण मागणीत विचार होता: प्रत्येकाचा सुटा सौदा नको, सर्वांचा वाटा ठरू द्या. १९८७ च्या संपात मालकांनी बदली खेळाडू उभे करून सामने खेळवले, काही नामांकित खेळाडूही संपाची ओळ ओलांडून आत गेले आणि २४ दिवसांत संप कोसळला. मग लढा न्यायालयात गेला. तेथे मिळालेल्या विजयातून १९९३ ची तडजोड झाली. मुदत संपल्यावर संघ बदलण्याचे स्वातंत्र्य खेळाडूंना मिळाले, मालकांना वेतनाची कमाल मर्यादा मिळाली. गार्व्हींनी मागितलेले ५५ टक्के चार दशकांनंतरही हाती आलेले नाहीत.

बेसबॉलपटूंच्या संघटनेने वेगळी वाट धरली. १९७५ च्या अखेरीस लवादाच्या निर्णयाने खेळाडू मोकळे झाले. १९९४-९५ साली वेतनाची मर्यादा लादली जाऊ नये म्हणून त्यांनी प्रदीर्घ संप केला आणि १९९४ ची जागतिक मालिका रद्द झाली तरी माघार घेतली नाही. आज बेसबॉलमधील दीर्घ मुदतीचे करार बहुतांशी पूर्ण हमीचे असतात. खेळाडू जायबंदी झाला तरी वेतन चालू राहते. आणि म्हणूनच तेथे मुदतीपूर्वी करार उघडण्याची मागणी क्वचितच ऐकू येते. जेथे करार दोघांनाही बांधतो तेथे श्रमिक तो पाळतो. पावित्र्याचा उपदेश न करता पावित्र्य टिकवण्याचा हा साधा मार्ग आहे.

फुटबॉलपटूंच्या संघटनेने मात्र २०२० साली सतरावा सामना आणि वर सांगितलेला दंड, दोन्ही मान्य केले. मतदान १०१९ विरुद्ध ९५९ असे झाले. अनेक नामांकित खेळाडू विरोधात होते. किमान वेतनावरच्या खेळाडूंना वाढ मिळणार होती आणि तीन वर्षांत नोकरी जाणाऱ्या माणसाला हातचे सोडून पळत्यापाठी लागणे परवडत नाही. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. ज्यांच्या नावावर गर्दी जमते आणि ज्यांची नावे गर्दीला ठाऊक नाहीत, त्यांचे हित वेगवेगळे पाडण्यात मालक यशस्वी झाले, हा खरा पराभव आहे.

त्याहून लाजिरवाणी गोष्ट पुढे घडली. मार्च २०२२ मध्ये क्लीव्हलँड ब्राउन्सने डिशॉन वॉटसनला पाच वर्षांचा, २३ कोटी डॉलरचा, पूर्ण हमीचा करार दिला. त्याच्यावर वीसहून अधिक स्त्रियांनी लैंगिक गैरवर्तनाचे दावे लावलेले असताना हा करार झाला, हे निंद्यच होते. परंतु पूर्ण हमी हा पायंडा पडेल ही चिंता मालकांच्या बैठकीपर्यंत पोहोचली. पुढे संघटनेच्या तक्रारीवर लवादाने जानेवारी २०२५ मध्ये निर्णय दिला. संघांनी प्रत्यक्ष संगनमत केल्याचे सिद्ध झाले नाही, मात्र हमीच्या रकमा कमी करण्यास लीगने मालकांना उत्तेजन दिले होते, असा त्याचा निष्कर्ष होता. संघटनेच्या हाती आलेले हे शस्त्र सभासदांपासून पाच महिने दडून राहिले. जून २०२५ मध्ये पत्रकारांनी ते उजेडात आणले. इतरही आरोपांच्या गदारोळात संघटनेचे कार्यकारी संचालक लॉइड हॉवेल यांनी जुलैमध्ये राजीनामा दिला. ज्या संघटनेचे पुढारी मालकांविरुद्धचा निष्कर्ष सभासदांपुढे ठेवत नाहीत, तिच्या सभासदांनी एकेकट्याने पाठ धरून बसावे यात नवल कसले?

चालू सामूहिक करार २०३० च्या हंगामापर्यंत आहे. मालकांना अठरावा सामना हवा आहे, म्हणजे खेळाडूंच्या हाती देण्याजोगे काहीतरी आहे. प्रश्न एवढाच की, त्याच्या बदल्यात ते काय मागणार? निवडक ताऱ्यांसाठी आणखी मोठे आकडे, की ५३ व्या खेळाडूपर्यंत सर्वांना हमी? पहिली मागणी केली तर ऑगस्टचा तमाशा दर वर्षी चालू राहील. दुसरी केली आणि तिच्यासाठी १९८२ सारखे एकत्र उभे राहिले, तर करार मुदतीपूर्वी उघडण्याची गरजच फारशी उरणार नाही.

आपल्या देशात २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता अमलात आल्या असून मुदतबंद नोकरीला कायद्यात स्थान मिळाले आहे. कंत्राटाच्या कागदावर अंगठा उठवणाऱ्या कामगाराचे आणि पार्सन्सचे वेतन एका तागडीत तोलता येणार नाही, पण प्रश्न सारखेच विचारता येतात. कराराचे पावित्र्य कोणी सांगू लागला की कार्यकर्त्याने दोन गोष्टी विचाराव्यात: हा करार मोडण्याची मुभा कोणाला आहे? आणि तो मोडल्यावर उपाशी कोण राहतो? पहिल्या प्रश्नाचे उत्तर मालक आणि दुसऱ्याचे कामगार असे येत असेल, तर तो कागद करार नव्हे, ताबेगहाण आहे. ते एकेकट्याने सोडवता येते. पण एक सुटला तर त्याच्या जागी दुसरा गहाण पडतो. सर्वांनी मिळून सोडवले तरच ते कायमचे सुटते.